मारलावाईची शाळा, इंद्रवेल्लीचा स्तंभ

इंद्रवेल्लीच्या स्मारकस्तंभापाशी २० एप्रिल १९८१ आठवतो. जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर त्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. गोंडांच्या आठवणीतला आकडा याहून पुष्कळ मोठा आहे.

हे दुःख शासनाला अज्ञात मात्र नव्हते. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम मारला गेल्यावर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्यावर पाहणीचे काम सोपवले. मारलावाईत मुक्काम करून ते गोंडी शिकले आणि गोंडांच्या जमिनी कशा हातच्या जातात, हे त्यांनी सरकारपुढे मांडले. १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र उघडले. गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. पुढे सुमारे १,६०,००० एकर जमिनीचे पट्टे आदिवासींना मिळाले. याच जिल्ह्यात अधिकारी असलेले आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडीचे व्याकरण लिहिले.

अभ्यासकाने लोकांची भाषा आत्मसात केली आणि शासनाने त्याचे ऐकले, म्हणून हे घडले. १९५६ मध्ये जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. अहवाल दप्तरात राहिले आणि जमिनी पुन्हा बाहेरून आलेल्यांच्या हाती जाऊ लागल्या. त्यांत मराठी बोलणारेही होते, हे आपण लपवू नये.

सीमेवर मराठी शाळा मागणे हा आपला न्याय्य हक्क आहे. परंतु त्याच तोंडाने गोंड मुलांसाठी गोंडी मागितली नाही, तर आपली मागणी अपुरीच राहील.