गुंगी वेगळी, झोप वेगळी

मंडळी, दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असं वाटेल. पण फराळाच्या ताटावरच तो निघाला, म्हणून लिहितो.

आमच्या वेंटवर्थव्हिलला मुलाकडे राहायला आलेले एक काका आहेत, किल्लारीच्या बाजूचे. घरात त्यांच्यासाठी छान खोली आहे, पण ते झोपतात हॉलमध्ये, बाहेरच्या दाराशी. पहाटे चारच्या आधी दचकून उठतात, की मग डोळ्याला डोळा नाही. मुलगा मला म्हणाला, "एखादी स्ट्राँग गोळी मिळाली तर निवांत झोपतील हो!"

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर कोसळल्या आणि सुमारे दहा हजार जीव गेले. वाचलेल्यांपैकी कितीतरी जणांना पुढे छपराखाली झोपायचीच धास्ती वाटायची.

अशा धक्क्याला पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' म्हणत. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी त्याला 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' म्हणजे पीटीएसडी हे नाव दिलं. भयानक स्वप्नं आणि उडालेली झोप ही त्याची ठळक लक्षणं.

मग झोपवूनच बरं करावं, ही कल्पना जुनीच. १९२० च्या सुमारास झुरिकमध्ये याकोब क्लेसी या डॉक्टरांनी मनोरुग्णांना औषधाने कित्येक दिवस झोपवून ठेवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये विल्यम सार्जंट यांनी हादरलेल्या सैनिकांवर गुंगीची औषधं वापरली.

याच कल्पनेचा सर्वांत काळा अध्याय घडला तो आपल्या शेजारी! वेंटवर्थव्हिलहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत पेनंट हिल्स येतं. तिथल्या चेम्सफर्ड खासगी रुग्णालयात १९६३ ते १९७९ या काळात डॉ. हॅरी बेली 'डीप स्लीप थेरपी' देत होते. नैराश्य, चिंता, व्यसन अशा नाना तक्रारी घेऊन आलेल्या माणसांना बार्बिच्युरेट देऊन कित्येक दिवस बेशुद्ध ठेवायचं, नाकातल्या नळीने अन्न द्यायचं. अनेकांना त्यातच विजेचे झटके, तेही संमतीविना. १९८८ साली न्यायमूर्ती जॉन स्लॅटरी यांचा रॉयल कमिशन नेमला गेला. त्याचा अहवाल १९९० मध्ये आला आणि या उपचाराशी निगडित २४ मृत्यू पुढे आले. बेली त्याआधीच, १९८५ साली वारले होते. आज न्यू साउथ वेल्सच्या कायद्यानेच या उपचारावर बंदी आहे.

चूक कुठे झाली? गुंगीलाच झोप समजलं गेलं. नैसर्गिक झोपेत मेंदू दिवसभराच्या आठवणी लावून ठेवतो, त्यातली भीतीची धार बोथट करतो, असं संशोधक मानतात. गुंगीत माणूस नुसता पडून राहतो. आठवण जिथल्या तिथेच.

आता उलटी वाट धरतात. माणसाला जागेपणीच, त्याच्या संमतीने बोलतं करतात. 'इमेजरी रिहर्सल' या पद्धतीत रोजचं वाईट स्वप्न दिवसाउजेडी आठवायचं, त्याचा शेवट आपल्या मनाने बदलायचा आणि तो नवा शेवट रोज मनात घोळवायचा. निद्रानाशासाठी झोपेच्या वेळा आणि सवयी बदलण्याचे उपचारही आहेत. झोप सुधारली, की मूळ दुखण्याबद्दल बोलायचं बळ येतं. काही वेळा औषधंही लागतात. ती डॉक्टरांनीच ठरवायची आणि चालू असलेली गोळी परस्पर बंदही करायची नाही.

म्हणून मुलाला सांगितलं, "बाबा रे, गोळी मागण्याआधी काकांना विचार तर खरं, पहाटे काय दिसतं ते!" त्याने विचारलं. चौदा वर्षं एका घरात राहून पहिल्यांदाच. काका बराच वेळ गप्प होते, मग बोलायला लागले. पुढच्या आठवड्यात दोघं मिळून जीपीकडे गेले. झोपायची जागा अजून दाराशीच आहे, पण सूनबाई म्हणतात, आता पहाटे उठल्यावर ते मुलाला हाक मारतात.

मंडळी, आपल्याही घरात कुणी रात्रभर कूस बदलत असेल. या दिवाळीत एकदा विचारून पाहा. सर्वांना शांत झोपेची दिवाळी लाभो!