आठ मिनिटं कमी चाळीस तास

केबल सरळ तुटली असती तर ही गोष्ट फार लांबली नसती. तुटलेली केबल दिसते, ती बदलतात आणि विषय संपतो. जुलै २०१० मध्ये सिंगापूरच्या डीबीएस बँकेच्या डेटा सेंटरमधला बिघाड तसा नव्हता. संपर्क तुटला नव्हता, अधूनमधून अडखळत होता.

अडखळण्याची पहिली वर्दी आली तेव्हापासून बँक ठप्प होईपर्यंत ३९ तास ५२ मिनिटं गेली. एवढ्या वेळात यंत्रणा एकदाही बंद पडली नाही. ती बंद पडली ते तिची दुरुस्ती झाल्यावर. हा घटनाक्रम पुढे जाहीर झाला. सर्व्हरच्या खोलीत ज्यांनी कधी रात्र काढली आहे, त्यांनी तो घड्याळ समोर ठेवून वाचावा.

शनिवार, ३ जुलै, सकाळी ११.०६
उरले ३९ तास ५२ मिनिटं

आयबीएमच्या देखरेख सॉफ्टवेअरकडून एक इशारा निघतो: बँकेच्या मेनफ्रेमला, म्हणजे मुख्य संगणकाला, जोडलेल्या स्टोरेज यंत्रणेतला संपर्क स्थिर नाही. इशारा पोचतो कंपनीच्या आशिया-पॅसिफिक सपोर्ट सेंटरमध्ये, म्हणजे सिंगापूरच्या बाहेर. तिथून सूत्रं हलतात आणि एक फील्ड इंजिनिअर डेटा सेंटरकडे निघतो.

बँकेचं यंत्र आणि इशारा परदेशात, हे कसं? २००२ साली डीबीएसनं आपल्या संगणकीय कामाचा मोठा भाग दहा वर्षांसाठी आयबीएमकडे सोपवला होता. करार होता सुमारे १.२ अब्ज सिंगापूर डॉलरचा.

आणि बँकही साधीसुधी नाही. १९६८ मध्ये नव्या देशाच्या उद्योगांना भांडवल पुरवण्यासाठी ती उभी राहिली. १९९८ मध्ये तिनं पीओएसबी ताब्यात घेतली. ही १८७७ पासूनची टपाल खात्याची बचत बँक, सिंगापूरच्या कित्येक घरांतलं पहिलं पासबुक तिचंच. शाखा आणि एटीएम यांचं देशातलं सर्वांत मोठं जाळं या जोडगोळीचं.

अशा बँकेत मेनफ्रेम हिशेब करतो, पण आकडे ठेवतो वेगळ्या कपाटात. ते कपाट म्हणजे स्टोरेज. दोघांमधल्या वाटा, कार्ड, कंट्रोलर, सगळं एकाहून जास्त ठेवलेलं असतं. एक पाय लंगडला तरी दुसऱ्यावर चालता यावं, ही त्यामागची सोय. गैरसोय अशी की बाहेरून पाहणाऱ्याला लंगडणं दिसतच नाही. एटीएममधून नोटा येत राहतात.

शनिवार, रात्री ७.५०
उरले ३१ तास ८ मिनिटं

इंजिनिअर केबल बदलतो. कशी बदलायची ते सपोर्ट सेंटरमधला माणूस सांगतो. नियमाप्रमाणे त्यानं देखभालीचं मॅन्युअल उघडून एकेक पायरी वाचून दाखवायला हवी. तो ती आपल्या माहितीतून सांगतो. यंत्रणा त्याच्या चांगल्या परिचयाची आहे, पायऱ्या पाठ आहेत. फक्त पाठ असलेली पद्धत जुनी झालेली आहे.

केबल बसते. एरर मेसेज थांबतात.

या शांततेनं पहिला घात केला. लिनक्सच्या सर्व्हरवर डिस्क सांभाळणाऱ्यांना हा सापळा ओळखीचा असतो. साटा डिस्कच्या स्मार्ट नोंदींमध्ये १९९ क्रमांकाची एक ओळ असते, सीआरसी चुकांची. हा आकडा वाढू लागला तर अनुभवी माणूस डिस्क फेकण्याआधी केबलकडे बघतो, कारण वाटेत बिघडलेल्या डेटाचा तो हिशेब असतो. पण केबल बदलली म्हणून आकडा शून्यावर येत नाही. त्यामुळे तो टिपून ठेवायचा, काम चालू द्यायचं आणि काही दिवस बघायचं की वाढ थांबली का. मेसेज येणं थांबलं म्हणजे रोग गेला, असं समजायला तिथे मुभा नसते.

त्या रात्री सिंगापूरकरांचं लक्ष भलतीकडेच होतं. दहा वाजता दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना सुरू झाला आणि जर्मनीनं अर्जेंटिनाला चार गोल मारले. लिटल इंडियातल्या एका ज्योतिष्याच्या मणी नावाच्या पोपटानं उपांत्यपूर्व फेरीचे चारही निकाल बरोबर सांगितले म्हणून त्याचं नाव लवकरच जगभर गाजणार होतं. डेटा सेंटरमधल्या यंत्रानंही सकाळीच आपली चिठ्ठी काढून दिली होती. तीही खरीच होती.

रविवार, ४ जुलै, दुपारी २.५५
उरले १२ तास ३ मिनिटं

मेसेज परत येतो. नवी केबल बसवून एकोणीस तास झालेत आणि अडखळणं कायम आहे. या वेळी इशारा केबलबरोबरच इलेक्ट्रॉनिक कार्डांकडेही बोट दाखवतो.

म्हणजे दोष फक्त केबलचा, हा अंदाजच चुकीचा असू शकतो. इथे थांबून पहिल्यापासून विचार करायला जागा होती. पण सपोर्ट सेंटर सांगतं: केबल काढा, तपासा, पुन्हा बसवा. पद्धत कालचीच. इंजिनिअर तसं करतो आणि मेसेज पुन्हा थांबतो. कालच्या उपायानं आजही गुण आला, असंच कुणालाही वाटेल.

रविवार, संध्याकाळी ५.१६
उरले ९ तास ४२ मिनिटं

गुण अडीच तासही टिकत नाही. मेसेज तिसऱ्यांदा हजर.

आता सपोर्ट सेंटर यंत्राचे लॉग मागवून घेतं आणि वाचायला बसतं. हे वाचन चालतं ५ तास २२ मिनिटं. स्टोरेज यंत्रणा काम करतेच आहे. रविवारची संध्याकाळ आहे, फूड कोर्ट भरलेत, लोक एटीएममधून पैसे काढताहेत.

पाच तास लॉग वाचूनही मूळ चूक हाती का लागली नाही? माझ्या मते, ती लॉगमध्ये नव्हती म्हणून. लॉगमध्ये यंत्रानं काय केलं ते लिहिलेलं असतं. माणसाच्या हातांनी कुठली पायरी आधी घेतली, कुठली गाळली, ते तिथे उमटत नाही. इथे ते एका माणसाच्या डोक्यात होतं आणि फोनवरून दुसऱ्याच्या हातात उतरत होतं. तिसऱ्या कोणी ते पाहिलंच नव्हतं.

लिनक्सवाल्यांच्या बिरादरीत चारचौघांना विचारण्याची जी रीत पडली आहे तिचा उपयोग इथे कळतो. तिथे ‘सर्व्हर चालत नाही, मदत करा’ एवढंच लिहिलं तर कोणी उत्तर देत नाही. उलट प्रश्न येतात: कुठली आवृत्ती? नेमकी कुठली कमांड दिली? तिचं उत्तर जसंच्या तसं चिकटवा. हे कुठे वाचून केलं? नवख्याला ही उलटतपासणी उद्धट वाटते आणि ‘आधी मॅन्युअल वाच’ हे वाक्य तर अपमानच वाटतं. पण त्या प्रश्नांमुळे त्याला आपल्या हातांनी केलेलं सगळं ओळीनं लिहावं लागतं. कित्येकदा उत्तर येण्याआधी, लिहिता लिहिताच चूक सापडते. ‘कुठलं पान बघून केबल काढली?’ हा प्रश्न विचारायला मेनफ्रेमचं ज्ञान लागत नाही. लागतो तो बाहेरचा माणूस, ज्याला आपल्यावर विश्वास ठेवायची सवय लागलेली नाही.

रविवार, रात्री १०.३८
उरले ४ तास २० मिनिटं

वाचनातून निघालेला निष्कर्ष: केबल काढा आणि एखादी पिन वाकली आहे का बघा.

इंजिनिअर बघतो. वाकलेली पिन सापडत नाही. केबल परत जागेवर. मेसेज चालूच. आता तो थांबतही नाही.

यानंतर बँकेकडून केबल बदलण्याची परवानगी घेतली जाते. वेळ ठरते पहाटे २.५०ची. असलं काम नेहमीच अशा निवांत वेळी करतात. निर्णय चुकीचा नव्हता. पण वेळ होईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं दुरुस्तीवाल्याला फार जड जातं. समोर लाल दिवा, हाताशी केबल. इंजिनिअर ती पुन्हा एकदा काढून बघतो, नीट बसली आहे ना याची खात्री करतो. पद्धत तीच, तिकडून सांगितलेली.

केबल काढणं म्हणजे नुसतं बघणं नव्हे. चालत्या यंत्राला प्रत्येक वेळी एक वाट बंद झाल्याचं आणि परत उघडल्याचं कळतं. यंत्राला आधी सांगून ती वाट रीतसर बाजूला काढायची, मग केबलला हात लावायचा आणि बसवल्यावर पुन्हा रीतसर सामावून घ्यायचं: मॅन्युअलमधल्या कंटाळवाण्या पायऱ्या साधारण याचसाठी असतात. लिनक्सवर रेड या डिस्कसंचातली डिस्क ओढून काढण्याआधी तिला आधी नादुरुस्त ठरवून संचातून वगळतात, तसंच हे. न सांगता ओढली तरी बहुतेक वेळा निभावतं. बहुतेक वेळा निभावतं म्हणूनच तर माणूस त्या पायऱ्या विसरतो.

सोमवार, ५ जुलै, पहाटे २.५०
उरली ८ मिनिटं

ठरलेली वेळ. इंजिनिअर केबल बदलायला घेतो. मॅन्युअल याही वेळी मिटलेलंच आहे.

पहाटे २.५८

केबल बदलून होते आणि चुकांची अशी मालिका सुरू होते की साठवलेला डेटाच धोक्यात यावा. स्टोरेज यंत्रणा मेनफ्रेमशी बोलणं आपणहून बंद करते.

हा बिघाड नव्हता. डेटा खराब होण्यापेक्षा व्यवहार थांबलेले बरे, असंच तिला शिकवलेलं होतं. लिनक्समध्येही फाइल सिस्टमला चूक आढळली की ती स्वतःला फक्त-वाचनाच्या अवस्थेत टाकू शकते. सेवा कोलमडते, पण आतलं लिखाण वाचतं. चाळीस तासांच्या या गोष्टीत नेमून दिलेली पद्धत शेवटपर्यंत पाळली ती या यंत्रानं. खातेदारांची शिल्लक त्यामुळेच शाबूत राहिली, फक्त ती कोणाला दिसत नव्हती.

सोमवार सकाळ

आठवड्याचा पहिला दिवस. ऑफिसला निघालेले लोक एटीएमपाशी थांबतात, कार्ड घालतात, पैसे निघत नाहीत. दुसऱ्या एटीएमकडे जातात, तिथेही तेच. इंटरनेट बँकिंग बंद. शाखांमधले कर्मचारी ज्या पडद्यांवर विसंबून असतात, त्यांच्यामागची यंत्रणाच गप्प. मेनफ्रेम आणि स्टोरेज पुन्हा जुळवणं हे बटण दाबून उरकण्यासारखं काम नव्हतं. दहाच्या सुमारास सेवा पूर्ववत झाली. सात तास गेले होते. त्या दिवशी शाखा नेहमीपेक्षा उशिरापर्यंत उघड्या ठेवल्या.

त्यानंतरचे दिवस

१३ जुलैला बँकेचे मुख्याधिकारी पीयूष गुप्ता यांचं पत्र ग्राहकांपुढे आलं. त्यांना पदावर येऊन वर्षही झालं नव्हतं. दुरुस्तीत जुनी, कालबाह्य पद्धत वापरली गेली, हे त्यात होतं. सकाळी लोकांना वेळेवर कळवण्यात आपण कमी पडलो, ही कबुलीही होती. आयबीएमनंही मान्य केलं की योग्य पद्धत न वापरल्यामुळे सेवा बंद पडली.

ऑगस्टमध्ये सिंगापूरच्या चलनविषयक प्राधिकरणानं, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेनं, डीबीएसची जाहीर कानउघाडणी केली आणि सुमारे २३ कोटी सिंगापूर डॉलर जादा भांडवल बाजूला ठेवायला लावलं. एकाच पुरवठादारावर इतकं विसंबू नका, असंही बजावलं. चूक ठेकेदाराच्या माणसाची होती. शिक्षा बँकेला झाली, आणि ते योग्यच होतं. काम बाहेर देता येतं. त्याची जबाबदारी बाहेर देता येत नाही.

शनिवार, १४ ऑक्टोबर २०२३, दुपारी २.५४

तेरा वर्षांनी पुन्हा डीबीएस, या वेळी सिटीबँकही सोबत. दोघींच्या सेवा बंद. यंत्रं इक्विनिक्स कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये होती आणि तिथलं तापमान चढत गेलं होतं. सुमारे २५ लाख व्यवहार पूर्ण होऊ शकले नाहीत. पुढच्या महिन्यात संसदेत कारण सांगण्यात आलं. थंड पाण्याच्या टाक्यांच्या झडपा बंद झाल्या होत्या, कारण एका ठेकेदारानं चुकीचा सिग्नल पाठवला होता.

पाणी होतं, टाक्या होत्या, झडपाही धडधाकट होत्या. त्या दुपारी ठरल्याप्रमाणे शीतकरण यंत्रणेत सुधारणा चालू होती.