कुपनांच्या काळातली अदलाबदल

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कापडाची टंचाई झाली. गिरण्या आणि जहाजं लढाईच्या कामाला जुंपली होती. जून १९४१ मध्ये कपड्यांवर रेशन आलं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. त्यातली ११ एका लोकरी झग्यालाच जात. पोरं तर भराभर वाढतात! मग बायकांच्या स्वयंसेवी संघटनेनं मुलांच्या कपड्यांची अदलाबदल केंद्रं काढली. आखूड झालेला कोट द्यायचा, मापाचा न्यायचा, कुपन वाचायचं. १९४३ मध्ये सरकारनंच रफू-ठिगळाची पुस्तिका छापली. कुपनं १९४९ मध्ये संपली.

आपल्याकडे जुन्या लुगड्याची गोधडी होतेच. पण लहान झालेला चांगला फ्रॉक फाडायचा कशाला? गटाच्या बैठकीला आणा, कुणाच्या तरी लेकीला बसेल.