घरगुती केक व त्याचीं साधनें

१८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका समारंभांत पाहुण्यांपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. पाहुण्यांत न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते, गोखलेही होते. पुढें गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं आणि पुण्यांत मोठें ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, प्रायश्चित्तें सांगण्यांत आलीं. एका पेल्याची आणि चार बिस्किटांची ही केवढी किंमत! ज्या समाजांत परक्याच्या भट्टींतला पदार्थ तोंडास लावणें म्हणजे जातीबाहेर पडण्याचें भय, त्याच समाजांत पुढें घरोघर केक होऊं लागला. हा पालट कसा घडला, याचें उत्तर सभांच्या व्यासपीठांवर जितकें सांपडतें, तितकेंच स्वयंपाकघरांतल्या फडताळांतही सांपडतें.

सातारा जिल्ह्यांतील मेढा हें जावळी तालुक्याचें मुख्य गांव. तें वेण्णा नदीच्या खोऱ्यांत वसलें आहे. येथून केळघर घाट चढून गेलें कीं महाबळेश्वर येतें. १८२४ सालीं जनरल लॉडविक त्या पठारावर चढले आणि १८२८ नंतर गव्हर्नर सर जॉन माल्कम व साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांच्या काळांत तेथें माल्कमपेठ उभी राहिली. साहेबांचे बंगले आले, त्यांच्या मागोमाग पाव, बिस्किटें आणि केक हेही आले. घाटाच्या माथ्यावर भट्टीची संस्कृति आणि पायथ्याशीं चुलीची. मधलें अंतर थोड्या कोसांचें होतें, पण आचारविचारांचें अंतर त्याहून पुष्कळ मोठें होतें.

तथापि चुलीवाल्या घरांना भाजण्याची विद्या अगदींच ठाऊक नव्हती, असें म्हणतां येणार नाहीं. सह्याद्रीच्या पलीकडे कोंकणांत तवसळी होते. तवसें किसून, तांदळाचा रवा व गूळ मिसळून तें मिश्रण पातेल्यांत घालावयाचें, खालीं मंद विस्तव ठेवावयाचा आणि झांकणावर निखारे पसरावयाचे, ही तिची रीत. गोमंतकांतील बिबिंक तर थरावर थर देत वरच्या निखाऱ्यांवरच भाजली जाई. खालून व वरून सारखी आंच देणें हेंच भट्टीचें मर्म आहे, आणि तें मर्म आपल्या गृहिणींस पूर्वापार अवगत होतें. केक आला तेव्हां त्यांना नवी विद्या शिकावी लागली नाहीं. जुनीच विद्या नव्या पिठास लावावी लागली.

केकचें शास्त्र थोडक्यांत असें. पिठांत हवेचे बारीक बुडबुडे कोंडावयाचे, आंचेनें ते फुगवावयाचे आणि ते फुटण्यापूर्वीं भोंवतालचें पीठ घट्ट व्हावयाचें. म्हणून पहिलें साधन हवा कोंडण्याचें. अंडीं फेसण्याचें तारेचें यंत्र हें त्याचें विलायती रूप. लोणी व साखर घोटण्यास मात्र परात आणि हाताचा तळवाच पुरे होत असे. परंतु अंडें ज्या घराचा उंबरा ओलांडीत नसे, तेथें काय करावयाचें? येथें रसायनशास्त्र साहाय्यास आलें. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्यानें १८४३ सालीं बेकिंग पावडर सिद्ध केली, ती आपल्या पत्नीस यीस्ट मानवत नसे म्हणून. एका घरची अडचण साऱ्या जगाची सोय झाली. दह्याची आंबटाई व खाण्याचा सोडा एकत्र आले कीं तोच वायु निर्माण होतो, आणि अंड्यावांचून केक फुगतो. धर्म आणि जिव्हा यांच्यामधला हा तह एका चिमूटभर पांढऱ्या पुडीनें घडविला.

दुसरें साधन मापाचें. भाजी अंदाजानें होते, केक होत नाहीं. सोडा चिमूटभर अधिक झाला तर चव बिघडते, कमी झाला तर दडपे दगड हातीं येतो. अमेरिकेंत फॅनी फार्मर यांनीं १८९६ सालच्या आपल्या पाकग्रंथांत सपाट भरलेल्या पेल्याचा व चमच्याचा आग्रह धरला. आपल्याकडे १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' प्रसिद्ध झालें आणि हजार पाकक्रिया मराठी गृहिणीच्या हातीं आल्या. पुढें १९७० सालीं कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' निघाली. कमलाबाई १९१३ सालीं, तेव्हांच्या औंध संस्थानांतील व आतांच्या सांगली जिल्ह्यांतील कुंडल येथें जन्मल्या. शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढचें शिक्षण सांगलीस सासरीं, सासूच्या हाताखालीं झालें. त्यांनीं तोळे-मासे किंवा पौंड-औंस यांच्या नादीं न लागतां वाटी व चमचा हें माप धरलें. वाटी प्रत्येक घरांत असते. एकाच वाटीनें सारें मोजलें कीं प्रमाण चुकत नाहीं. बोस्टनच्या विदुषीनें जें साधलें, तेंच सांगलीच्या गृहिणीनें घरच्या वाटीनें साधलें.

तिसरें साधन भांड्याचें. पितळेच्या पातेल्यास कल्हई लागते, आणि कल्हई म्हणजे कथील. तें सुमारें २३२ अंश सेंटिग्रेडला वितळतें. भांड्यांत पाणी असेतों चिंता नाहीं, पण कोरड्या आंचेवर कल्हई टिकणें कठीण. आणि ती गेली कीं आंबट दही पितळेशीं भांडूं लागतें. ही अडचण ॲल्युमिनियमनें दूर केली. १८८६ सालीं हॉल व एरू या दोघांनीं, एकानें अमेरिकेंत व दुसऱ्यानें फ्रान्समध्यें, ही धातु विजेच्या साहाय्यानें स्वस्त करण्याची रीत शोधली. १८९८ सालीं आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं मद्रासेस तिचीं भांडीं करण्यास आरंभ केला. हलकें, लवकर तापणारें आणि उष्णता सर्वत्र सारखी नेणारें असें हें भांडें. तळाशीं तूप लावलेला कागद घातला कीं केक अलगद सुटतो.

चौथें व सर्वांत अवघड साधन आंचेचें. केकला साधारणपणें १८० अंश सेंटिग्रेड उष्णता सुमारें पाऊण तास लागते. घरांत ओव्हन नव्हता तेव्हां गृहिणींनीं जाड पातेल्यांत वाळू पसरून, तीवर केकचें भांडें ठेवून, झांकणावर निखारे घातले. वाळू हळू तापते व हळू निवते, म्हणून आंच एकाएकीं चढत नाहीं कीं उतरत नाहीं. पुढें तेंच काम कुकरमध्यें होऊं लागलें. मात्र त्यांत पाणी नसतें, म्हणून शिटी व रबराचें कडें काढूनच तो वापरावा लागतो. मग विजेचे गोल ओव्हन आले, पाठोपाठ उष्णता स्वतः आवरणाऱ्या पेट्या आल्या. तरीही केक झाला कीं नाहीं हें सांगणारें यंत्र पुष्कळ घरीं विणकामाची सुईच राहिली. ती मध्यभागीं खुपसून कोरडी निघाली कीं काम फत्ते.

येथें मेढ्याच्या गृहिणीस एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३७० मीटर उंच आहे. तेथें हवेचा दाब कमी असल्यामुळें पाणी सुमारें ९५ अंशांवरच उकळतें आणि कोंडलेला वायु अधिक फुगतो. खोऱ्यांत उत्तम जमणारा केक घाटमाथ्यावर आधीं भरभर चढतो आणि मग मध्यें बसतो. दोष हाताचा नसतो, हवेचा असतो. सोडा थोडा कमी व पाणी थोडें अधिक, हा त्यावर उपाय.

राहतां राहिली सजावट. नक्षीच्या नळीची पिशवी, फिरता पाट आणि लवचिक सुरी हीं तिचीं साधनें. पण नीट पाहिलें तर त्यांतलें एकही आपणांस अनोळखी नाहीं. नळीची पिशवी ही चकलीच्या सोऱ्याची बहीण आहे. फिरत्या पाटाचें कुळ कुंभाराच्या चाकाशीं पोंचतें. जाळीदार कागद ठेवून वरून पिठीसाखर भुरभुरणें ही तर रांगोळीच्या छापाचीच रीत. दारांत ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बोटांना साखरेचीं फुलें काढावयास फार दिवस लागत नाहींत. सांभाळावयाची एकच गोष्ट. लोण्याची सजावट आपल्या उन्हाळ्यांत पाघळते, म्हणून केक पूर्ण निवल्यावांचून तिला हात लावूं नये.

१८९० सालीं बिस्किटावरून शहर दुभंगलें, याचें कारण तें परक्या हातचें होतें. केक घरांत आला तो घरच्या निखाऱ्यांवर, घरच्या वाटीनें मोजलेला आणि घरच्या सोऱ्याच्या सवयीनें सजविलेला. वादविवादांनीं माणसें हरलीं वा जिंकलीं असतील. पण परका पदार्थ आपला झाला तो त्या दिवशीं, ज्या दिवशीं कोणा माउलीनें तो आपल्या चुलीवर चढविला आणि लेकराच्या वाढदिवशीं पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवला.