घोणशीचे नाव आणि इरुळांचे हात

घोणस महाराष्ट्रातल्या प्रत्येक शेतमजुराला ठाऊक आहे. बांधावर गवत कापताना कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला की विळा हातातच थांबतो. शास्त्राच्या पुस्तकात मात्र ही घोणस आपली नाही. ती 'रसेलची' आहे. पॅट्रिक रसेल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील डॉक्टर. तो विशाखापट्टणमला राहत होता आणि कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांविषयीचा त्याचा ग्रंथ १७९६ साली निघाला. रसेलच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याने सापांची तेलुगु नावेही टिपून ठेवली. म्हणजे ती नावे त्याला सांगणारे कोणीतरी होते, साप धरून त्याच्या दारात आणणारे हात होते. सापाचे नाव टिकले, डॉक्टरचे नाव सापाला चिकटले. ज्यांनी साप धरला त्यांची नावे कोठे गेली?

हा प्रश्न एकट्या रसेलपुरता नाही. जोसेफ फेररचा भारतातील विषारी सापांवरचा मोठा ग्रंथ १८७२ साली निघाला. त्याच्या प्रयोगांतही साप हाताळायला देशी गारुडीच होते. त्याच काळात सरकार मारलेल्या सापामागे इनाम देई. दर वर्षी किती साप मारले आणि किती माणसे दंशाने मेली याचे तक्ते छापले जात. त्या तक्त्यांत मेलेल्या सापाची मोजदाद आहे. जिवंत साप ओळखणाऱ्या माणसाची नाही.

इरुळांची कथा मला म्हणूनच आपल्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. इरुळा ही तमिळनाडूतील अनुसूचित जमात. चेन्नईच्या दक्षिणेकडील चेंगलपट्टू भागात त्यांच्या वस्त्या आहेत, आणि त्या बहुतेक गावाच्या कडेला. जमीन नाही. भातगिरण्यांत आणि वीटभट्ट्यांवर उचल घेऊन पिढ्यान् पिढ्या वेठीला बांधलेली इरुळा कुटुंबे तेथे पुष्कळ होती, आणि अलीकडच्या वर्षांतही अशा कुटुंबांची सुटका करावी लागलेली आहे. या माणसांजवळ एकच भांडवल होते. मातीवरची सूक्ष्म खूण, बिळाच्या तोंडाशी पडलेली विष्ठा, काटेरी झुडपाला लागलेला कातीचा तुकडा पाहून साप कोणता, केवढा आणि आत आहे की गेला, हे त्यांना कळते. हातात छोटी पहार आणि खांद्यावर कापडी पिशवी, एवढेच सामान. बायकाही हे काम करतात.

विसाव्या शतकाच्या मध्यात या भांडवलाला गिऱ्हाईक मिळाले ते कातड्याच्या व्यापाऱ्याच्या रूपाने. युरोपातील बायकांच्या पर्स आणि चपलांसाठी भारतातून सापांची लाखो कातडी जात होती. साप इरुळाने धरायचा, सोलायचा आणि मिळेल त्या पैशाला दलालाच्या हवाली करायचा. किंमत वाढायची ती पुढे, कातडी कमावणारा आणि निर्यातदार यांच्या दारी. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९७६ मध्ये सापाच्या कातड्याची निर्यात बंद झाली. साप वाचवायचे होते आणि ते योग्यच होते. पण या कायद्याचा मसुदा करताना, ज्याची चूल या कातड्यावर पेटत होती त्याला कोणी विचारले होते काय? एका रात्रीत त्याचे कसब गुन्हा झाले. निर्यातदाराने दुसरा माल धरला. इरुळाला धरायला दुसरे काही नव्हते.

याच टप्प्यावर रोम्युलस व्हिटेकर हे नाव येते. जन्म न्यूयॉर्कचा, १९४३ चा. बालपणापासून भारतात वाढलेला हा माणूस सापांच्या वेडाने मद्रासला पोहोचला आणि १९६९ साली त्याने तेथे सर्पोद्यान सुरू केले. साप पकडण्याची विद्या आपण इरुळांकडून शिकलो, असे तो उघडपणे सांगत आला आहे. इतका प्रामाणिकपणा आपल्याकडच्या विद्वानांत सहसा दिसत नाही. त्याच्या पुढाकाराने १९७८ साली इरुळा सर्पधारकांची सहकारी संस्था नोंदली गेली. कल्पना साधी होती: साप मारून कातडे विकण्याऐवजी त्याचे विष काढून विकायचे. मामल्लपुरमजवळ वडनेम्मेली येथे मगरींच्या उद्यानाच्या आवारात संस्थेचे काम चालते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप परवान्याने धरून आणतात. ते मातीच्या मडक्यांत, तोंडाला कापड बांधून, सुमारे एकवीस दिवस ठेवतात. या अवधीत चार वेळा विष काढतात. मग पोटाच्या खवल्यावर खूण करून सापाला पुन्हा रानात सोडतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा धरला जाऊ नये.

हे विष थोडे थोडे घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात आणि त्यांपासून प्रतिविष बनते. देशात प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा फार मोठा वाटा कित्येक वर्षे या एकाच संस्थेने पुरवला आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने मेली, म्हणजे सरासरी वर्षाला ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. मरणारे कोण? अनवाणी शेतात जाणारे, जमिनीवर झोपणारे, दवाखाना दूर असणारे. आपल्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात जी कुपी एखाद्या ऊसतोडणीवालीला जीवदान देते, तिच्यात बहुधा इरुळाच्या हाताचे काम असते. कुपीवर कंपनीचे नाव असते.

आता दृष्टी जरा दूर नेऊ. अमेरिकेत आणि युरोपात सरडे, बेडूक, अजगर घरात काचेच्या पेटीत पाळणाऱ्यांचा मोठा समाज आहे. त्यांच्या संघटना आहेत, मेळे भरतात, नियतकालिके निघतात. त्यांच्यातले अनेक जण खरेच अभ्यासू आहेत आणि काही जातींच्या प्रजननाविषयी त्यांनी पुष्कळ शोधून काढले आहे. पण या छंदाला बाजार जोडलेला आहे. १९९६ ते २००६ या दशकात एकट्या अमेरिकेत सुमारे ९९ हजार ब्रह्मी अजगर आयात झाले. बोटाएवढ्या जाडीचे पिल्लू चार-पाच मीटरचे झाले की दिवाणखान्यात मावेना. काहींनी ते फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या दलदलीत सोडून दिले, काही पळाले. तेथे ते वाढले. रॅकून नावाचा तेथला प्राणी दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांनी घटले, असे २०१२ मधील अभ्यासात आढळले. त्याच वर्षी या अजगराच्या आयातीवर अमेरिकेत बंदी आली. २०१३ मध्ये फ्लोरिडाने बक्षिसे लावून शिकारीची स्पर्धा भरवली. सुमारे १६०० माणसे उतरली. महिनाभरात हाती लागले ६८ अजगर.

मग २०१७ च्या जानेवारीत मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल या दोन इरुळांना तेथे नेण्यात आले. हा अजगर त्यांच्या रानातला नव्हता, ती दलदल त्यांनी कधी पाहिली नव्हती, इंग्रजीही येत नव्हते. सोबत दुभाषे होते. पहिल्या आठ दिवसांत त्यांनी १३ अजगर शोधून दिले. इतर शिकारी रस्त्याच्या कडेने मोटारीतून पाहत जात; हे दोघे झाडीत शिरून जमीन वाचत. विद्यापीठाच्या माणसांनी त्यांच्याकडून शिकून घेतले. छंदिष्टांनी केलेला घोळ निस्तरायला अखेर जमातीच्या माणसाला बोलवावे लागले, असे मी म्हटले तर तो अतिरेक ठरू नये.

महाराष्ट्रात हाच भेद वेगळ्या शब्दांत वावरतो. आपल्याकडे साप पकडणाऱ्याला दोन नावे आहेत. एक 'सर्पमित्र', दुसरा 'गारुडी'. १९८० साली नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले, त्याचा विक्रम म्हणून गौरव झाला. पुढे १९८६ मध्ये त्यांनी पुण्याला कात्रजचे सर्पोद्यान उभे केले. ते धाडस खरे होते आणि त्यातून लोकांची भीती कमी झाली. पण टोपलीत नाग घेऊन जन्मभर गावोगाव हिंडणाऱ्याचे ७२ तास कोणी मोजले नाहीत. कायद्याने त्याची टोपली काढून घेतली. नागाचे दात उपटणे, तोंड शिवणे हे क्रूरच होते. त्याचे समर्थन मी करणार नाही. माझा प्रश्न टोपली काढून घेतल्यानंतरचा आहे. तमिळनाडूत टोपलीच्या जागी मडके आले आणि संस्था आली. येथे टोपलीच्या जागी काय आले? शहरातला तरुण सर्पमित्र म्हणून वर्तमानपत्रात झळकतो, गारुड्याचा मुलगा स्टँडवर सामान उचलतो. आज सर्पमित्रांत आपल्या वस्तीतली मुलेही आहेत, विनामोबदला जीव धोक्यात घालतात, काही दंशाने मेलीही. त्यांच्याविषयी येथे अनादर नाही.

वाचक येथे मला अडवतील, आणि त्यांनी अडवावेच. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून सांगितले. आमच्या आज्याने ते सोडले म्हणून मी आज महाविद्यालयात शिकवू शकतो. महारकीची वतने १९५८ च्या कायद्याने गेली. मग इरुळाने पिढीजात कामातच का राहावे? त्याची स्तुती म्हणजे जातीच्या धंद्याची स्तुती नव्हे काय?

माझ्या मते फरक कामात नसतो, काम सोडता येते की नाही यात असतो. वतन सोडणाऱ्याला गाव बहिष्कार घाली. ढोर ओढण्याचा दर महाराने ठरवला नव्हता. इरुळाच्या संस्थेत तो सभासद आहे, सापामागे त्याला ठरलेला पैसा मिळतो, नको असेल तर तो दुसरीकडे जाऊ शकतो. पण हे अर्धेच खरे आहे. किती साप धरायचे हे वनखाते ठरवते, परवाना लांबला तर हंगाम बुडतो; संस्थेवर उद्योग खात्याची देखरेख आहे. सभासद साडेतीनशेच्या आसपास, जमात लाखांत. आणि जो वीटभट्टीवर उचलीत अडकला आहे, त्याला 'दुसरीकडे' म्हणजे कोठे? व्हिटेकर यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. मासी आणि वडिवेल यांना ती २०२३ मध्ये मिळाली, संस्था नोंदल्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी.

मराठवाडा, विदर्भ, खानदेशातील महाविद्यालयांत आपले विद्यार्थी आहेत. त्यांनी सुटीत गावी गेल्यावर गारुड्यांच्या वस्तीवर जावे. वृद्धांना विचारावे: साप किती प्रकारचे ओळखता, प्रत्येकाला काय म्हणता, कोणत्या महिन्यात कोणता कोठे सापडतो, टोपली कधी गेली, त्यानंतर घर कशावर चालले. उत्तर त्यांच्याच बोलीत उतरवावे, सांगणाऱ्याची संमती घेऊन त्याचे नाव वर लिहावे आणि मगच खाली आपले.