शिक्रा, बेसरा, बाशा : बाजदारांची भाषा आणि आपली नोंद

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत लहान शिकारी पक्षी दिसला की आपण सरसकट ‘ससाणा’ म्हणून मोकळे होतो. पूर्वीच्या बाजदारांची नजर अधिक सूक्ष्म होती.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात श्येनविनोद, म्हणजे ससाण्यांकरवी केलेली शिकार, हा स्वतंत्र विषय आहे. पुढे हिंदुस्थानी बाजदारांच्या बोलीत तर नर-मादीचीही नावे निराळी झाली : शिक्रा मादी, चिपका नर, बेसरा मादी, धोती नर, बाशा मादी, बाशीन नर. शिकारीला मोठी मादी अधिक उपयोगी, म्हणून तिचेच नाव जातीला चिकटले.

बाजदारी सरली, तसे हे भेदही विस्मृतीत गेले. मात्र ओळखीची खूण पक्ष्याच्या कंठावर आजही आहे. शिक्र्याच्या कंठावरील मधली रेघ पुसट, बेसऱ्याची ठळक काळी. बाशाला ती नसतेच. शिक्रा गावशिवारातही वावरतो, बेसरा दाट रानात राहतो, बाशा हिवाळी पाहुणा.

१८३२ मध्ये विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची सूची लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडली. आज ती इतिहासाचे साधन आहे. तोरण्याच्या पायथ्याशी आपण केलेली नोंदही उद्या तशीच वाचली जाईल. तीत तारीख, गाव आणि कंठावरची रेघ असेल, तर ती पुरावा ठरेल. नुसते ‘ससाणा’ लिहिल्यास उद्याच्या अभ्यासकाला कोणता पक्षी होता, हे कधीच कळणार नाही.