सोंग तेच, नाचणारा बदलतो : जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात कोण कोणाच्या जागी येतं?

बँडमधला एक जण बाहेर पडला की फॅन लोकांचा वाद ठरलेला. हा अजून तोच बँड आहे का?

इंडस्ट्रियल मेटलवाल्यांमध्ये हा वाद फार जुना आहे. शिकागोमध्ये १९८१ साली सुरू झालेल्या मिनिस्ट्री या बँडमध्ये पहिल्यापासून आजवर टिकलेला माणूस एकच, अल जॉर्गेन्सन. बाकीचे येत-जात राहिले. याउलट १९९४ साली बर्लिनमध्ये जमलेल्या रामस्टाइनचे सहाच्या सहा जण तेच. म्हणजे एकीकडे बँड एका माणसावर उभा, तर दुसरीकडे सहा जणांच्या दोस्तीवर.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत याच प्रश्नाचं तिसरंच उत्तर सापडतं. तिथे माणसं बदलतात, पण भूमिका एकही हलत नाही. त्याचं नाव बोहाडा. कुणी त्याला भोवाडा म्हणतं, नाशिककडच्या पट्ट्यात आखाडी म्हणतात.

बोहाडा म्हणजे मुखवटे घालून रात्रभर नाचवली जाणारी सोंगं. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर अशा समाजांची ही परंपरा असली तरी गावातली बाकीची घरंही त्यात असतात. होळीच्या आसपास हंगाम सुरू होतो आणि पुढे उन्हाळ्यात एकेक गाव आपापला बोहाडा करतं. मोखाड्यात तो जगदंबेच्या यात्रेशी जोडलेला आहे.

सुरुवात गणपतीच्या सोंगाने. मग मोरावर बसलेली शारदा. त्यानंतर राम, रावण, नरसिंह, भीम, त्राटिका, वेताळ अशी एकामागून एक सोंगं निघतात. दोन्ही बाजूंना लोक बसलेले, मधे वाट मोकळी आणि त्या वाटेवर सोंग पुढे-मागे नाचत राहतं. संवाद जवळपास नसतातच, कोण आलंय ते मुखवटा आणि चाल सांगते. बायकांची सोंगंही पुरुषच घेतात. शेवटी देवी आणि महिषासुराची लढाई. पूर्वी हे सगळं टेंभ्यांच्या उजेडात व्हायचं, मग गॅसबत्त्या आल्या, आता विजेचे दिवे असतात.

आता मुद्द्याची गोष्ट. रावण कोण होणार हे ठरवतं कोण?

बऱ्याच गावांत सोंग घराण्याकडे असतं. आजोबांनी नाचवलं, मग बापाने, मग मुलाने. ऑडिशन वगैरे भानगड नाही. काही ठिकाणी सोंगासाठी बोलीही लागते. पण घराण्याने आलं काय किंवा बोलीने आलं काय, मुखवटा चढवण्याआधी त्याची पूजा होते आणि तो चढवला की माणसाचं नाव मागे पडतं. त्यामुळे ‘आधीचा रावण भारी होता’ अशी तुलना गावात झाली तरी ‘आता हा बोहाडाच राहिला नाही’ असं काही कुणी म्हणत नाही.

तसं पाहिलं तर यातले खरे बँडवाले वाजवणारे. सोंगं बदलत राहतात, नाचणारा आपली फेरी संपवून बाजूला जाऊन पाणी पितो, पण संबळ आणि पिपाणीवाल्यांना तशी सोय नाही. गणपतीला जी मंडळी वाजवत असते तीच पहाटेच्या राक्षसालाही. फोटो मात्र मुखवट्यांचे व्हायरल होतात.

मुखवट्यांमध्येही बदल झालाय. जुने लाकडाचे, चांगलेच जड. आता कागदाच्या लगद्याचे जास्त दिसतात, आणि जव्हारजवळचं रामखिंड हे गाव त्या मुखवट्यांसाठी ओळखलं जातं. हलका मुखवटा आला तसं जास्त वेळ नाचणंही सोपं झालं.

तारप्याची गोष्ट याहून वेगळी. तिथे सगळा फेर एका वादकाच्या श्वासावर चालतो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बाहेरच्या अनेकांनी हे वाद्य पहिल्यांदा पाहिलं. तारपकऱ्याचं नाव होतं. बोहाड्यात नाव होतं ते सोंगाचं.

पण हल्ली एक अडचण मोठी आहे. भाताची कापणी उरकली की या दोन तालुक्यांतली कितीतरी कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे मधेच निघून येणं सोपं नसतं. होळीला बरेच जण गावी येतात, पण सण झाला की अनेकांना परत जावं लागतं, ते थेट पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. म्हणजे बोहाड्याचा हंगाम आणि भट्टीचा हंगाम एकच.

माणूस आला नाही तर काय? सोंग गाळायचं म्हणजे क्रम मोडायचा. मग भाऊ उभा राहतो, पुतण्या उभा राहतो. पण चाल काही मुखवट्यासोबत आपोआप येत नाही. ती मोठ्यांच्या मागे नाचून, वर्षानुवर्षं बघून अंगात येते. ज्या पोराचा शिमगा ते वैशाख भट्टीवरच जातो, त्याला ती बघायला मिळणार कधी?

बघायला जायचं असेल तर एक लक्षात ठेवा. सगळ्या गावांची मिळून एक तारीख नसते, तिथी गावागणिक वेगळी. आधी चौकशी करून जा, आणि रात्री लवकर पोहोचा. गणपती एकदाच निघतो.